अक्कासाठी निवडलेला रणगाडा

अक्का, दहाव्याला केळणा नदीच्या काठावर कावळा लगेच शिवला. भटजींचे हात अजून भाताचेच होते, तोवर समोरच्या बाभळीवरून एक खाली उतरला, चोचीत मावेल तेवढं उचललं आणि गेला. लोकांना हायसं वाटलं. उन्हाचं ताटकळावं लागलं नाही. शेजारचे विठ्ठलराव पंच्यानं मान पुसत म्हणाले, "मास्तर, अक्काचं काईच राह्यलं न्हवतं बगा मागं. बिलकुल सुटली." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

मी मात्र तयारीनं गेलो होतो. कावळा अडला की घरचे एकेक जण पुढं होतात, पोरांचं बघू म्हणतात, शेत विकणार नाही म्हणतात. माझी पाळी आली की चार माणसांदेखत काय बोलायचं ते मी मनात घोकून ठेवलं होतं. तू कावळा अडवून धरशील याची मला खात्री होती. मला बोलायला लावायची ती जागा होती, अक्का. पण तू तिथूनही बाजूला झालीस, आयुष्यभर सगळीकडून होत आलीस तशी. मी ओल्या धोतरानं घरी आलो, वाक्य तोंडातच.

म्हणून आता लिहितो. गोष्ट त्या रणगाड्याची आहे, ज्याला तू शेवटपर्यंत 'तोफगाडी' म्हणालीस. लोकांना वाटेल, बहीण गेली आणि हा खेळण्याचं काय काढून बसला. तुला तसं वाटणार नाही.

एक्याऐंशी साली तू मंठ्याहून परत आलीस तेव्हा मी कॉलेजात होतो. भाऊजी गेले होते, लेकरू नव्हतं, आणि सासरी कुणी राहा म्हणालं नव्हतं. इथं येऊन तू शिलाई मशीन टाकलंस आणि गल्लीच्या बायांचे ब्लाऊज शिवायला लागलीस. कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की घरात एक अडचण व्हायची. आपल्याकडं त्या दोघी सवाष्णींच्या हातून घरात येतात, हळदीकुंकवाच्या पावलांवरून. तुला कुणी 'येऊ नको' असं म्हणत नव्हतं. म्हणायची वेळच तू येऊ देत नव्हतीस. आई ताट घेऊन उंबऱ्याकडं निघाली की तू आत चुलीपाशी जाऊन बसायचीस, जसं काही पुरणालाच तुझी गरज आहे.

तुझी जागा त्याच्या आधीची होती. आरास. देव्या यायच्या आदल्या दिवशी त्यांच्यापुढच्या पायऱ्या तुझ्या. आईनं तेवढं तुला दिलं होतं, किंवा तू तेवढं घेतलं होतंस. इतर घरी त्याच बाहुल्या, तेच प्लास्टिकचे हत्ती दरवर्षी पेटीतून निघायचे. तू दरवर्षी नवं काहीतरी करायचीस. एका वर्षी भोकरदनचा आठवडी बाजार केलास, चिंध्यांचे बैल आणि काडेपेटीच्या तराजूसकट. एका वर्षी बस स्टँड. त्यात कंडक्टर प्रवाशाशी भांडतोय हे त्याच्या कमरेवरच्या हातावरून कळायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बाया देवीला नमस्कार करायच्या आणि लगेच विचारायच्या, "अक्का कुठाय?" मग तू स्वयंपाकघराच्या दारात यायचीस, चौकटीच्या आतच, आणि म्हणायचीस, "झालं आपलं कसंतरी." त्या एका प्रश्नावर तू वर्ष काढत होतीस हे मला दिसत होतं. मी कधी तुला 'चौकटीच्या बाहेर ये' म्हणालो नाही. आई होती तोवर आईचं घर होतं. पण आई गेल्यावर ते माझं होतं.

कारगिलच्या वर्षी गल्लीत सगळ्यांनीच डोंगर केले. तू गोणपाटाचा केलास, वर चुन्याचा बर्फ, आणि पायथ्याला काडेपेट्यांचा एक रणगाडा. तो रणगाडा काही केल्या रणगाडा दिसेना. गल्लीतल्या शांतामावशी चष्मा सरकवत खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "डोंगर झ्याक झालाय गं, पन ही म्हैस काऊन बसवली मधी?" बाया इतक्या हसल्या की माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, हातातलं कुंकू सांडलं. तूही हसलीस. पण ते तुला लागलं. 'म्हैस' हा शब्द तू महिनाभर धरून ठेवलास. मला म्हणालीस, "बापू, मी खरी बगितलीच न्हाई ना कधी. बगितल्याबिगर कशी करणार?"

त्याच हिवाळ्यात आपण शिर्डीहून येताना वाट वाकडी करून नगरला रणगाड्यांचं संग्रहालय बघितलं. सुनंदा सावलीत बसली, मी पाट्या वाचत फिरलो. तू एकाच गाड्यापाशी थांबलीस. तोफेकडं तुझं लक्ष नव्हतं. तू खाली वाकून चाकांवरचा पट्टा बघत होतीस. तिथल्या जवानाला तू विचारलंस, "दादा, ह्यातली एक कडी तुटली तर अख्खी साखळी काढावं लागतं का?" तो बिचारा चमकला. मग त्यानं तुला खिळा कुठं असतो, कडी कशी काढतात, सगळं दाखवलं. परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून बोटांनी हवेत काहीतरी जुळवत होतीस. तुझ्या शेजारी बसून मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. हे आधी कधी सांगितलं नाही. आपण दोघंही न सांगणाऱ्यांतलेच.

नंतर माझ्याकडच्या एका मासिकात तुला खोक्याचं चित्र सापडलं. खऱ्या रणगाड्याचा पस्तिसावा हिस्सा. सुटे नग खोक्यात येतात, आपण कापून, घासून, चिकटवून उभा करायचा. तू ते पान फाडून मशीनच्या खणात ठेवलंस. सुनंदा म्हणाली, "वन्सं, देवीपुढं तोफ ठेवणार?" तू म्हणालीस, "देवीच्या हातात काय असतं? लाटणं?" रंगावरून मात्र तुझं-माझं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, लष्कराचा हिरवा. तू म्हणायचीस, आपल्याकडं आली तर आपल्या मातीचा रंग लागेल ना तिला, काळपट, पट्ट्यात चिखल अडकलेला. ते भांडण तसंच राहिलं. रंगापर्यंत आपण पोचलोच नाही.

आता जे सांगायचं ते.

उन्हाळ्यात मला प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं. आदल्या दिवशी तू मला मशीनपाशी बोलावलंस. सुनंदा बाहेर गेल्याची खात्री केलीस. मग सुई हातात घेतलीस आणि दोरा ओवायला लागलीस. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला. तुझा अंगठा थरथरत होता. तू मला ते करून दाखवत होतीस, सांगत नव्हतीस.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून. हात बराबर चालून न्हाई राह्यला. सुनंदाला बोलू नको."

"डॉक्टरला दाखवू."

"दाखवू मंग. आधी मला बगू दे. तू पुण्याला चालला ना, तसली एक तोफगाडी आण. पहिलीच है, सोपी बग. एकदम सोपी. मला जमली तर समजंल का हात अजून है. न्हाई जमली तर ह्या साली आरास सुनंदाकडं देऊन टाकते. देवीपुढं वाकडंतिकडं नको."

म्हणजे मला माहीत होतं, अक्का. मी कशासाठी आणतोय ते मला बराबर माहीत होतं. अजाणता झालं, घाईत झालं, यातलं काही मला म्हणता येत नाही.

पुण्यातलं ते दुकान एका जिन्याखाली होतं. दुकानदार म्हातारे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, स्वतः हे करणारे असावेत. नखाच्या कडेला रंग होता. त्यांनी विचारलं, "कुणासाठी हवाय?" आणि मी म्हणालो, "माझ्यासाठी." भोकरदनच्या माझ्या विधवा बहिणीला महालक्ष्मीपुढं ठेवायला हवाय, हे त्या काचेच्या कपाटांमध्ये उभं राहून माझ्या तोंडून निघेना.

"पहिलाच का?"

"हो."

"मग डब्यावरच्या चित्रावर जाऊ नका," ते म्हणाले. "चित्र काढणारा वेगळा असतो, आतले नग करणारा वेगळा. नग थोडे हवेत आणि पट्टा अखंड हवा, रबरी. कडी-कडी जोडायचा पट्टा असला की पहिल्यांदा करणारा तिथेच उठतो, तो पुन्हा बसत नाही. आणि लहान आकाराचा म्हणजे सोपा, असं समजू नका. हा घ्या, चांगला बोटात धरता येतो." त्यांनी एक खोका काढून माझ्यापुढं ठेवला. वरचं चित्र फिकट होतं. रणगाडा बुटका, गोलसर, टोपल्याखाली कोंबडी बसावी तसा. मी झाकण उघडून पाहिलं. मोठेमोठे नग, मोजकेच. पट्टा कंबरपट्ट्यासारखा सबंध. तुझ्या हाताला तो कसा बसला असता ते मला तिथंच दिसलं. मी खिशात हातही घातला होता.

तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं विचारलं, "कुठून आलात?" चांगला मनुष्य होता, हसरा.

"भोकरदन."

"हे कुठे आलं?"

"जालना जिल्हा."

"अच्छा, मराठवाडा! अरे वा. तिकडेही पोचलं का हे आता?"

बस, एवढंच. त्यात टोमणा नव्हता. आज मी त्या वाक्याला सगळ्या बाजूंनी चाचपून बघतो, आणि त्यात कौतुकच सापडतं. पण मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणारा, पुण्याला आलो की बोलताना आधी वाक्य मनात तपासून घेणारा मनुष्य. माझे कान तापले. मी तो बुटका खोका बोटानं मागं सारला आणि म्हणालो, "तसा पहिला नाही. दोन-तीन झालेत माझे. जरा चांगला दाखवा."

दुकानदारांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असावं. तरी त्यांनी वरच्या फळीवरून एक भलामोठा खोका काढला. चित्रात बर्फ, आग, लांबलचक तोफेचा जर्मन रणगाडा. "पट्टा एकेक कडीचा आहे," ते म्हणाले. "सवय आहे ना?"

"आहे."

"मराठवाडा" म्हणणारा तो मनुष्य म्हणाला, "क्या बात है." त्या तीन शब्दांसाठी मी तुझे हात विकले, अक्का. ते वाक्य आठवलं की अजूनही मला बसल्या जागी घाम फुटतो.

घरी आल्यावर तू खोका मांडीवर घेतलास, चित्रावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बापरे. हीच का सोपी?"

मी पायातला बूट काढत होतो. खाली बघूनच म्हणालो, "याच्यापेक्षा सोपा नव्हताच."

तू विश्वास ठेवलास. दुसऱ्या दिवसापासून सकाळची भांडी झाली की तू पुढच्या खोलीत दाराच्या उजेडात पाट मांडून बसायला लागलीस. खोक्यातल्या प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले नग बघून तू म्हणालीस, "वालाच्या शेंगा लागल्यावानी दिसतंय." सूचनांच्या कागदावर सगळी चित्रंच होती, ते तुला फार आवडलं. नखं कापायच्या कटरनं तू नग सोडवायचीस, घासायला माझा जुना पॉलिश पेपर. आणि अक्का, खालचं धड तू जोडलंस ते अगदी नीट जोडलंस. मनगट पाटाला टेकवून, श्वास धरून. फट दिसत नव्हती. मी कॉलेजातून आलो की तू ते हातात घेऊन उलटंसुलटं करून दाखवायचीस आणि मी 'वा' म्हणायचो. त्या दिवसांत मला वाटायला लागलं होतं की निभावेल. माझं खोटं तुझे हात झाकून घेतील.

मग पट्टा आला. तुरीच्या डाळीएवढ्या कड्या. एकेकीला दोन बाजूंनी चिकटवायचं, आणि पहिली वाळायच्या आत दुसरी सरळ बसवायची. तू चिमट्यात कडी धरायचीस आणि ती उडायची. कधी बोटालाच चिकटून बसायची. सुनंदा झाडताना सुपलीत कड्या सापडायच्या. "घ्या वन्सं, तुमच्या तोफेचे दात," म्हणून ती आणून द्यायची, आणि तू हसून घ्यायचीस. मग हसणं कमी झालं. एके दिवशी मी दारातून आत येतोय तर तू उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं गच्च दाबून धरलं होतंस, एखाद्या लेकराला धरावं तसं, आणि बोटं तरीही हलत होती.

"बापू," तू म्हणालीस, "खरं सांग. दुकानात ह्याच्याहून सोपी होती का?"

तू इतकं सरळ विचारलं होतंस. खोटं बोलायला जागासुद्धा ठेवली नव्हतीस. एवढंच म्हणायचं होतं की होती, ती मी तिथंच ठेवून आलो, उद्या जाऊन आणतो. तू मला शिव्या दिल्या असत्या, दोन दिवस बोलली नसतीस, आणि मग पाट मांडला असतास.

मी म्हणालो, "न्हाई अक्का. पहिल्यांदा करणाऱ्याला हाच देतात."

तू चिमटा खाली ठेवलास. "मंग हात गेले म्हणायचे," म्हणालीस. पावसाची बातमी सांगावी तसं. रडली नाहीस. उठून पाट भिंतीला लावलास.

आरासीच्या पेटीची चावी तू त्याच आठवड्यात सुनंदाला दिलीस. ती संकोचली, म्हणाली, "मी नुसती मदत करते ना." तू म्हणालीस, "न्हाई. अर्धा हात देवीपुढं नको." मशीनही दिलंस, गल्लीतल्या एका पोरीला. "मी बगितलं करून," सगळ्यांना हेच सांगायचीस. त्या भाद्रपदात बाया आल्या, देवीला नमस्कार केला, आणि सुनंदाला म्हणाल्या, "चांगली झाली की आरास." 'अक्का कुठाय' असं कुणी विचारलं नाही. तू आत होतीस. दारातसुद्धा आली नाहीस. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो, तर तू पुरणाच्या पाट्याला टेकून बसली होतीस, दोन्ही हात पदराखाली.

सांगायची संधी नव्हती असं नाही. तो अर्धा रणगाडा तू मला दिलास, "कुणाला दे, वाया जाईल." मी सहकाऱ्याच्या इंजिनियर भावाला दिला. त्यानं कितीतरी रविवार घालवले आणि पट्ट्याशी येऊन सोडून दिला. हसत म्हणाला, "सर, हे माणसाचं काम नाही." ते ऐकून मी घरी आलो, तुझ्या पुढ्यात बसून जेवलो, आणि काही बोललो नाही. आधीचं खोटं एका क्षणात झालं होतं. हे गप्प राहणं मात्र मी पूर्ण शुद्धीत, घास चावत केलं.

आणि जालन्याचा डॉक्टर. पुढं केव्हातरी मी तुला नेलंच. त्यानं तपासून सांगितलं, कंपवात आहे, पण सावकाश वाढणारा आहे. हाताला काम देत राहा, मोठे तुकडे धरा, मनगट टेकवा, बंद ठेवलात तर बोटं आखडतील. तू त्याच्याकडं समजूतदारपणे बघितलंस. म्हणालीस, "मी बगितलं डॉक्टरसाहेब करून. सगळ्यात सोपं होतं, तेबी न्हाई जमलं." तो माझ्याकडं वळला, म्हणजे घरच्या माणसानं काहीतरी समजावून सांगावं म्हणून. मी तुझी चप्पल सरळ करत होतो.

बोटं आखडली. त्यानं सांगितली होती तशीच.

तुझ्याविषयी कृतज्ञता लिहावी म्हटलं तर हात अडतो. मुलाखतीला मी घातलेला शर्ट तू शिवला होतास. कॉलरला आत दुहेरी कापड लावलं होतंस, घामानं मान काळी पडू नये म्हणून. तुला माहीत होतं की मला चार लोकांत घाम फुटतो. माझी ही भित्री जात तुला माझ्याआधी कळली होती, आणि तू ती कॉलरच्या आत शिवून टाकली होतीस. तरीही त्या दिवशी तू मला विचारलंस, 'खरं सांग.' ज्याला ओळखत होतीस त्यालाच विचारलंस. म्हणजे तुला वाटलं असणार, निदान मला तरी हा घाबरणार नाही.

परवा तेराव्याला पंगतीत बाया बसल्या होत्या आणि मी भात वाढत होतो. शांतामावशी सांगत होत्या, नव्या सुनांना, ज्यांनी तुझी आरास बघितली नव्हती. बाजार सांगितला, बस स्टँड सांगितला, म्हैस सांगितली. सगळ्या हसल्या. मग मावशी म्हणाल्या, "मंग हात गेले बिचारीचे. सोताच सोडली. समज होती तिला."

"हात गेले नव्हते," मी म्हणालो.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. पंगत थांबली. मी वाढप्याच्या जागी उभा, हातात भाताची परात, आणि तिथंच सगळं बोललो. दुकान, बुटका खोका, दोन-तीन झालेत म्हणालो ते, तू विचारलंस ते, मी काय उत्तर दिलं ते. डॉक्टरही सांगितला. धड बोललो नाही, मागचं पुढं झालं, पण सांगितलं.

मावशींनी पुन्हा भात कालवायला घेतला. "जाऊ द्या मास्तर," त्या म्हणाल्या. "येवढ्याशा खेळण्याचं काय मनाला लावून घेता. तुमी तिला संभाळलं, ते कुणी करतं का?" आणि शेजारणीला म्हणाल्या, "वरण घे गं." पंगत पुन्हा सुरू झाली. एवढी वर्षं ज्याला मी भीत होतो ते एका वरणाच्या वाढीत मिटलं. मला वाटलं होतं, निदान कुणीतरी ताट सारून उठेल.

पाहुणे गेले, पातेली घासून झाली, तेव्हा सुनंदा हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

"मला तवा बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "चावी दिली तवा. वरून न्हाई न्हाई म्हणले, पण बरं वाटलं होतं. माझ्या घरात दरवर्षी त्यांचीच आरास, त्यांचंच नाव. मंग बाया मला चांगली म्हणायला लागल्या. मला वाटायचं, देवीनं दिलं. आता तुमी सांगून राह्यले का ते चोरीचं होतं."

"तुझी काय चूक त्यात?"

"चूक न्हाई म्हणूनच तर सांगते. मला कळलं असतं तर मी त्यांच्या हाताखाली बसले असते. त्यांनी सांगायचं, मी चिकटवायचं. इतकं काही अवघड होतं का? तुमी माझ्यापासूनबी काढून घेतलं ते."

मी म्हणालो, "तुलाही सांगायला धीर झाला नाही."

"आणि आज पंगतीत झाला," ती म्हणाली. "त्या न्हाईत तवा." आणि आत गेली. दोन दिवस झाले, माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. बराबर आहे तिचं.

अक्का, हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. शब्दन् शब्द, तुझ्या आवाजात, ऐकू येतो. लिहायला घेतलं तेव्हा शेवटी तेच लिहायचं, असं डोक्यात होतं. पण ते वाक्य तू बोललेली नाहीस. मी ते इथं लिहिलं, तर तुझ्या नावावर ही माफी मीच मला दिल्यासारखी होईल. आणि लोक वाचतील, मान हलवतील, विठ्ठलरावांसारखे. तुझ्या तोंडी मी एकदा घातलेलं 'सगळ्यात सोपं होतं' हे वाक्य तू मरेपर्यंत बोलत राहिलीस, डॉक्टरासमोरसुद्धा. दुसरं घालणार नाही.